‘ॲम्बियन्स’ कानांनीही कळतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या घरसजावटीच्या लेखात ‘ॲम्बियन्स’ हा शब्द मी मोजला, ७ वेळा आला आहे. सातही वेळा अर्थ एकच: दिवे, पडदे, भिंतीचा रंग. माझी २८ वर्षं सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात गेली. तिथे हा शब्द रोज आमच्या तोंडी असायचा, पण डोळ्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

चित्रीकरण आटोपलं की आम्ही सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचो आणि त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून घ्यायचो. त्यात हमखास कुणाचं तरी पोट गुरगुरायचं, नाहीतर बूट करकरायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. या शांततेलाच आम्ही ‘ॲम्बियन्स’ म्हणायचो. संवाद कापले की मधे फटी राहतात, त्या भरायला ती लागते. खोली रिकामी असली तरी मुकी नसते. ट्यूबलाइट गुणगुणत असते, भिंती आवाज परतवत असतात. फटीत काहीच घातलं नाही, तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. एकदा हे घ्यायचं मी विसरलो. दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तर सामान हलवलेलं, गालिचा गुंडाळलेला. खोली तीच, पण घुमत होती. तेव्हा पडद्यांचा वाटा मी नाकारत नाही, लेखिकेने निश्चिंत असावं.

या शब्दामागच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘भोवती फिरणं’. ‘ॲम्बिशन’ त्याच घरातला: प्राचीन रोममधले उमेदवार मतांसाठी लोकांत फिरत, त्या फिरण्यावरून तो महत्त्वाकांक्षेला चिकटला. (उमेदवार अजून फिरतातच.) ‘ॲम्बियंट’ इंग्रजीत १६व्या शतकाच्या अखेरीस दिसतो, ‘ॲम्बियन्स’ पुष्कळ नंतर. फ्रेंचचा हात असल्यामुळे त्याची दोन स्पेलिंगं चालतात आणि दोन्ही बरोबर आहेत, एवढं सांगून तो वाद सोडतो.

‘ॲटमॉस्फिअर’चं कूळ निराळं. ग्रीकमधली वाफ आणि गोल मिळून तो झाला. आपलं ‘वातावरण’ त्याच्या शेजारचं, वाताचं आवरण. सभेत वातावरण तापतं. ‘ॲम्बियन्स तापला’ असं कुणी म्हणत नाही, कारण तापणं-निवणं माणसांचं, ॲम्बियन्स जागेचा.

म्हणूनच आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर ‘ॲम्बियंट टेंपरेचर’चं ‘वातावरणीय तापमान’ झालेलं पाहून हसू आलं. फ्रीजच्या माहितीपत्रकाला हवामानाशी कर्तव्य नसतं. फ्रीज ज्या कोपऱ्यात उभा आहे, तिथल्या हवेचं तापमान त्याला सांगायचं असतं. भोवतालचं तापमान, बस.

‘भोवताल’ हा आपला साधा शब्द पुरवणीत एकदा वापरून बघा. नाहीच शोभला तर ‘ॲम्बियन्स’ खुशाल लिहा, पण सातातले दोन तरी कानासाठी राखा.

आपला,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक