रान एका वाक्यात उरकू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांवरचा लेख वाचला. (एक जण गोष्ट सांगत खेळ चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवतात, असे हे खेळ.) मराठी पेपरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला अर्धं पान मिळालेलं पाहून बरं वाटलं. पण खेळ चालवणाऱ्या नवख्याला दिलेला एक सल्ला काही केल्या घशाखाली उतरेना. रानातला प्रवास कंटाळवाणा होतो, तेव्हा ‘आठ दिवसांनी तुम्ही किल्ल्यापाशी पोचलात’ असं म्हणून मोकळं व्हावं, असं लेखक म्हणतात.

मी ३१ वर्षं सरकारी भूकरमापक होतो. निवृत्त झाल्यावर पुतणीने या खेळाला बसवलं, आणि आता दर शनिवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाच पोरं-पोरी जमतात. खेळ मी चालवतो. राक्षसाच्या तोंडून बोलत असलो तरी सगळी मला काकाच म्हणतात.

लेखकांचा कंटाळा खोटा नाही, हे आधी कबूल करतो. पहिल्या खेपेला मीही माती खाल्ली. नऊ दिवसांची वाट होती. रोज सकाळ, दुपार, रात्र फासा टाकून काही भेटतं का बघायचो. तिसऱ्या दिवशी लांडगे, चौथ्या दिवशी लांडगे, सहाव्या दिवशी परत लांडगे. दोन तास गेले. एक मुलगा मोबाइल काढून बसला. त्याला काय बोलणार? ठरवायचं असं मी पोरांसमोर काही ठेवलंच नव्हतं. मी फासे टाकत होतो आणि ती लांडगे मारत होती.

मग जुने नियम मिळवून वाचले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा लागणाऱ्या सामानाच्या यादीत एक भलताच खेळ होता: अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’, १९७२चा. का, तर त्याचा षटकोनी घरांचा नकाशा रानात भटकायला वापरावा म्हणून. म्हणजे रान या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. याच खेळाच्या १९८१च्या ‘एक्स्पर्ट’ नियमसंचात वाट चुकण्याच्या शक्यतेचा हिशेब आहे: माळावर सहात एक, जंगलात किंवा डोंगरात सहात दोन, दलदलीत नाहीतर वाळवंटात सहात तीन. हा फासा खेळ चालवणाऱ्याने गुपचूप टाकायचा. आपण चुकलोय हे चालणाऱ्यांना कळतच नाही.

आणि खरोखर कळत नाहीच. एकदा डिसेंबरात जावळीच्या खोऱ्यात मोजणीहून परतताना आम्ही तिघं धुक्यात सापडलो. तिघांनाही वाट पक्की ठाऊक. तासभर तरातरा चाललो आणि समोर सकाळी आम्हीच मोजलेला हद्दीचा दगड. शिपाई म्हणाला, “साहेब, कुणीतरी आपल्यासारखाच दगड रोवलाय बघा.”

खेळाच्या २०१४च्या नियमांत रानाचे दात बरेच काढले आहेत, हेही खरं. एका साध्या मंत्राने दहा बोरं तयार होतात आणि एका बोरात माणसाचा दिवस निघतो. रेंजर, म्हणजे रानाची जाण असलेलं पात्र, आपल्या ओळखीच्या मुलखात जादूशिवाय चुकतच नाही. माझ्या बऱ्याच ओळखीचे लोक हे नियम काढून टाकतात. मी काढत नाही. पोरीने हौसेनं रेंजर घेतली, तिचं कसब का हिरावून घ्यायचं? भूक मिटली तरी नदी मिटत नाही, ओझं मिटत नाही, दिवस मोजकेच राहतात. त्याच नियमांत सामान्य चाल दिवसाला २४ मैल धरली आहे, म्हणजे जवळजवळ ३९ किलोमीटर. सडकेवर ठीक आहे. मोजणीची साखळी खांद्यावर टाकून कारवीच्या रानात शिरलेल्या माणसाला हे सांगून बघा.

आता मी फाशाआधी प्रश्न ठेवतो. परवाच्या शनिवारचंच सांगतो. पाच दिवसांत औषध पोचवायचं होतं. डोंगराला वळसा घालून सहा दिवस, ओढा उतरून चार. वाटेतल्या धनगराला अंतर विचारलं तर तो म्हणाला, “हे काय, पल्याडच.” (तालुक्यात ३१ वर्षं हेच उत्तर ऐकलं, तेच त्याच्या तोंडी घातलं.) ओढ्यापाशी पोचले. बुटक्याचं पात्र करणाऱ्या मुलीने विचारलं, “काका, रात्री पाऊस होता ना? पाण्याचा रंग कसाय?” मी म्हटलं, “तांबूस. काटक्या वाहतायत, आणि मघाशी दिसत होता तो काठावरचा पांढरा धोंडा आता दिसत नाही.”

वीस मिनिटं भांडली. थांबावं तर एक दिवस जातो. दोर बांधून उतरावं तर खेचर पाण्यात पाय घालायला तयार नाही. शेवटी ओझं वाटून घेतलं आणि खेचर अलीकडेच सोडलं. पाठीवर मावेना म्हणून जादा दोराचं वेटोळं त्याच्याच पाठीवर राहिलं. तोवर मी एकही फासा टाकला नव्हता. तिसऱ्या दिवशी कड्याच्या टोकाशी उभी राहिली तेव्हा चौघं रेंजरकडे बघू लागली आणि ती वहीत खाली मान घालून ‘दोर’ शोधत होती.

लेखकांनी एखाद्या शनिवारी साताऱ्याला यावं. चहा आमच्याकडे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा

ता. क. लेखासोबतच्या चित्रात वीस बाजूंच्या फाशावर २० आणि १ शेजारी-शेजारी दाखवलेत. या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते. २० दिसत असेल तर १ तळाशी असतो. चित्रकारांना कळवावं.