पोकलेन उतरण्याआधी रंकाळ्याचा तळ वाचा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

रंकाळा तलावाच्या जागी दगडाची खाण होती, आठव्या-नवव्या शतकात भूकंप झाला, खाण पाण्याने भरली आणि रंकभैरवाचे देऊळ तळाशी गेले, असे कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या सांगतात. पाणी उतरून तलावातला संध्यामठ उघडा पडला की ही कथा पुन्हा निघते. ती तपासता येते. शासनाने ती तपासावी, यासाठी हे पत्र.

ग्रीसमधले हेलिके शहर इ.स.पू. 373 मध्ये भूकंप आणि लाटेने गेले. समुद्रदेव पोसायडन कोपला, असे लोक म्हणत. संशोधक समुद्रात शोधत राहिले. पुढे डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांनी किनाऱ्याच्या आत बोअर घेतले आणि 2001 मध्ये अवशेष मिळाले ते जमिनीत, जुन्या खाजणाच्या गाळाखाली. त्याच पोसायडनची, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली छोटी कांस्यमूर्ती आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे.

उलट उदाहरण खंभातच्या आखाताचे. तिथल्या लाकडाचे वय साडेनऊ हजार वर्षे निघाले आणि बुडालेल्या नगरीची घोषणा झाली. पण ते लाकूड समुद्रतळ खरवडून वर आलेले. कोणत्या थरातले, कोणाला सांगता येईना. लाकूड जुने म्हणून नगरी जुनी ठरत नाही.

रंकाळ्याची खाण एकाएकी भरली असेल, तर तळाशी दगडाचा चुरा आणि त्यावर थेट तळ्याचा बारीक चिखल मिळेल. सावकाश भरली असेल, तर मधे माती आणि दलदलीतल्या गवताचे थर असतील. त्यातल्या बियांचे, पानांचे वय कार्बन-14 पद्धतीने काढता येते. भूकंप झालाच, हे मात्र चिखल एकटा सांगणार नाही; कातळातल्या भेगाही पाहाव्या लागतील.

गाळ काढा, ही मागणी आम्हा कोल्हापूरकरांचीच आणि ती रास्त आहे. पण पोकलेनने शेकडो वर्षांचे थर एकत्र होऊन डंपरमध्ये जातात. ते पुन्हा कुठून आणणार? म्हणून आधी, जिथे तळ हललेला नाही तिथे, नळी खोल घालून गाळाचे अखंड उभे नमुने घ्या. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरी थराथराने खणली होती. त्याच संस्थेला, शिवाजी विद्यापीठाला आणि आपल्या पुरातत्त्व संचालनालयाला हे काम एकत्र द्यावे.

निकाल कथेच्या विरुद्ध गेला तरी तो रंकाळ्याच्या काठावर मराठीत फलक लावून जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
एक कोल्हापूरकर