आजोबांच्या बंदुकीचंही सांगून ठेवा, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

आईने फोनवर विचारलं, "अगं, घरात लहान पोर, आणि बंदूक कसली आणलीत?" तेव्हा घाईत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

बंदूक विकत आणलेली नाही. सासऱ्यांनी यंदा रँचचा कारभार आमच्यावर सोपवला, त्याबरोबर ही विंचेस्टर कंपनीची बंदूकही आली. १८७३ चं मॉडेल, आखूड नळीचं. ती लोखंडी कपाटात कुलपात असते आणि तिचं एकही काडतूस घरात नाही. काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, आजची जोरकस काडतुसं तिला सोसणार नाहीत. त्यामुळे ती कोणी उडवतच नाही. आई, तू निर्धास्त राहा.

बाबा, १८९८ पर्यंत बनलेली अशी हत्यारं इथे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पुरातन धरतात, नेहमीच्या बंदुकांत मोजत नाहीत. निवडणूक लागली की आपली ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला तुम्ही निघायचात, ते आठवलं.

यांचे खापरपणजोबा वायोमिंगात आले ते सरकारी जमिनीवर वसणाऱ्याला कायद्याने मिळणाऱ्या १६० एकरांसाठी. हिची ४४-४० मापाची काडतुसं कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरलाही चालत, म्हणून घोड्यावरच्या माणसाला कमरेला काडतुसांचा एकच पट्टा पुरे. पण घरात सांगतात त्या गोष्टी लढायांच्या नाहीत. १८८६-८७ च्या हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेलं, गुरं उपाशी गोठून मेली. जी जगणार नव्हती त्यांना त्यांनी हिनेच सोडवलं. सासरे एवढं सांगतात आणि गप्प होतात.

दस्ता जिथे हाताने धरतात तिथे तडकलाय. कोणीतरी त्यावर कच्च्या चामड्याची वादी ओली करून गुंडाळली होती. वाळल्यावर ती अशी आवळली की आजही लाकूड हलत नाही. नवा दस्ता बसवा, किंमत वाढेल, असं एकाने सुचवलं होतं. मला ते मुळीच पटलं नाही. ती वादी काढली तर त्या माणसाचा हातच पुसला जाईल.

बिगहॉर्नचे डोंगर ओलांडून आम्ही कोडी गावच्या शस्त्र संग्रहालयात गेलो. विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या तिथे जपल्या आहेत. नंबरावरून बंदूक गोदामात कधी आली ते कळलं. पुढे ती कोणाच्या हाती गेली, हे मात्र वहीत नाही. ते फक्त सासऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून लिहून घेते.

बाबा, आपल्या आजोबांच्या बंदुकीचं तुमच्याखेरीज कोणाला माहीत आहे? शेतीच्या राखणीचा परवाना त्यांना कसा मिळाला, दारू कोण भरून देई, रानडुकरांच्या रात्री कोण कोण जागायचं, सगळं सांगा. आईला फोन धरायला लावा आणि सावकाश बोला. आई, ते जिथे अडतील तिथे तू सांग, तुझ्या लक्षात जास्त राहतं.

रक्तदाबाचं औषध वेळेवर घ्या. दिवाळीला येतोच आहोत.

तुमची लेक