स्टेजची उंची

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय दत्तू,

दोन वर्षं पत्र नाही. शिव्या दे, ऐकून घेईन. माझी शुगर आहे तिथंच आहे, तुझ्या वहिनीचे गुडघेही.

चिमीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली आणि व्याह्यांनी मला जिन्यात गाठलं. "काकांना लग्नात पुढं नका बसवू, आमच्याकडचे लोक शंका काढतात." मी गप्प राहिलो, दत्तू. धाकटा भाऊ आतल्या खोलीत पोलिओच्या पायाचा कॅलिपर सैल करून बसला होता. त्यानं ऐकलं असणार. रात्री आपणहून म्हणाला, "दादा, मी मागं बसतो."

हे तुलाच कळेल. गड्ड्याच्या जत्रेत त्याला आळीपाळीनं खांद्यावर घेऊन नंदीध्वज आपणच दाखवले. त्याच आठवड्यात तू त्याला लंगड्या म्हणालास आणि मी तुझा दात पाडला. तो दात हलत होता म्हणून अजून भांडतोस. नव्हता हलत बे!

तेव्हा सगळी गल्लीच तसं म्हणायची. आई मागच्या जन्मीचं पाप म्हणून रडायची. वर्ग माडीवर, म्हणून शाळेनं त्याचा दाखला हातात दिला होता. मग १९९५चा कायदा आला, ३ टक्के जागा राखीव झाल्या, त्यातून १९९८ला तो कचेरीत लागला. आई पेढे घेऊन त्याच गल्लीत दारोदार फिरली. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ झाले, राखीव जागा ४ टक्के. आता त्याला सगळे दिव्यांग म्हणतात. चारचौघांत मुद्दाम पाणउतारा केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. पण जिन्यात हळूच बोललेल्याला आणि ते ऐकून घेणाऱ्या सख्ख्या भावाला कोण विचारणार? पोलिओ विषाणूनं होतो, रक्तातून उतरत नाही, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. लंगड्या म्हटल्यावर दात पाडणारा मी, मुलीचं लग्न म्हटल्यावर वाचा बसली.

चिमीला कळलं. म्हणाली, "काका मागं, तर मीही मागं." बुधवारी व्याह्यांना फोन केला. अक्षता पडताना माझा भाऊ माझ्या शेजारी उभा असेल, म्हणालो. "बघू," म्हणाले आणि ठेवला. तेव्हापासून फोन वाजला की छातीत धस्स होतं.

तुझ्या पोराच्या पुण्यातल्या घराचं झालं का? आणि डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस.

लग्नाला दोन दिवस आधी ये. धाकट्याला म्हणालो, दत्तू आणि मी तुला उचलून स्टेजवर नेतो. तर चिडला. "लहान होतो तेव्हा ठीक होतं. आता मी माझा चढणार." त्याच्या कचेरीतला रॅम्प त्यानंच पाठपुरावा करून बांधून घेतलाय, हिशेब तोंडपाठ: एक फूट उंचीला बारा फूट उतार. हॉलचं स्टेज तीन फूट, म्हणजे ३६ फूट. मांडववाला म्हणाला, एवढी जागाच नाही. धाकटा म्हणाला, "मग स्टेज एक फुटाचं कर."

उद्या सकाळी टेप घेऊन दोघं हॉलवर जातोय.

तुझा,
बंडू