आर्या नावाच्या मुलीला, आईकडून

आर्या बाळा,

काल फोनवर तू वैतागून म्हणालीस ना की वर्गात तीन आर्या आहेत, मला सगळे आर्या पी म्हणतात, एवढं कॉमन नाव का ठेवलंत, ते रात्रभर डोक्यात राहिलं. खरं सांगू, आम्ही काही शोधाशोध केली नव्हती, तुला पहिल्यांदा हातात घेतलं आणि बाबांच्या तोंडून तेच आलं.

तू ती नारुतो कार्टून मालिका जपानी आवाजात बघतेस ना, त्यातल्या नारुतोचा आवाज एका बाईचा आहे, जुन्को ताकेउची. आणि जुन्को म्हणजे तिकडचं अगदी घरोघरचं नाव. शेवटचा 'को' म्हणजे मूल, एका काळात तिथल्या बहुतेक मुलींची नावं 'को'वरच संपायची. उच्चार एक पण 'जुन' लिहायची अक्षरं वेगवेगळी, कुणाचं निर्मळ या अर्थाचं, कुणाचं क्रम या अर्थाचं.

मला त्यातली जुन्को ताबेई फार आवडते. १९३९ ला फुकुशिमातल्या मिहारू गावात जन्मली, लहानपणी तब्येतीने अगदी नाजूक, दहा वर्षांची असताना शाळेच्या बाईंबरोबर डोंगर चढली आणि मग थांबलीच नाही. १९६९ मध्ये तिने फक्त बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्टसाठी पैसे मागायला गेल्या तर ऐकून घ्यावं लागलं की त्यापेक्षा घरी मुलं सांभाळा. मग हिने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, गाडीच्या सीटची जुनी कव्हरं कापून त्याचे हातमोजे शिवले. घरी तीन वर्षांची मुलगी होती गं. तू तीन वर्षांची असताना मला दोन दिवस कोल्हापूरला जायचंही जिवावर आलं होतं, त्यामुळे हे वाचताना मी जरा थांबलेच.

४ मे १९७५ ला हिमकडा कोसळून त्यांच्या तंबूंवर आला, ती बर्फाखाली बेशुद्ध पडली, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं. नीट चालताही येत नव्हतं. आणि बारा दिवसांनी, १६ मे ला, आंग त्सेरिंग या शेर्पाबरोबर ती शिखरावर उभी होती, एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली बाई. तिला मात्र 'पहिली बाई' पेक्षा 'छत्तिसावी माणूस' म्हटलेलं आवडायचं. पुढे १९९२ पर्यंत सातही खंडांची सर्वोच्च शिखरं झाली. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ती तिकडच्या शाळकरी पोरांना फुजी पर्वतावर न्यायची, २०१६ च्या जुलैत कॅन्सर असतानाही गेली, त्याच ऑक्टोबरात वारली.

अजून एक जुन्को, असारी, १९९३ ला स्टुटगार्टला मॅरेथॉनची वर्ल्ड चॅम्पियन. आणि कोशिनो ही ओसाकाकडची फॅशन डिझायनर, आई शिवणकाम करणारी आणि तिघी बहिणी डिझायनर. यातल्या कुणाची कुणाशी गल्लत होते का सांग मला, मी तरी आता जुन्को म्हटलं की ते हातमोजेच बघते.

तर कॉलेजच्या फॉर्मवर स्पेलिंगमध्ये जास्तीचा ए घालायचा तुझा विचार आहे ना, तो नको करूस. सरळ आर्या लिही.

डिंकाचे लाडू कुरिअर केलेत. डब्यावर बाबांच्या नावासकट तुझं पूर्ण नाव लिहिलंय, मागच्या वेळी दुसऱ्या आर्याच्या रूमवर गेला होता तो. तिलाही दोन दे.

तुझी आई