पार्श्वसंगीत जरा आवरा

महोदय,

आपल्या पुरवणीत चित्रपट-परीक्षणाच्या शेवटी ‘सहकुटुंब पाहावा असा’ हा शेरा वरचेवर दिसतो. त्या शेऱ्याविषयी थोडे लिहायचे आहे.

मी ३१ वर्षे लघुलेखिकेची नोकरी केली. साहेब नुसते पुटपुटले तरी माझ्या हातून शब्द सुटत नसे. आता दोन्ही कानांत यंत्रे आहेत. यंत्राने आवाज वाढतो खरा, पण मागे गलका असला की त्यातून बोलणे वेगळे काढणे कठीण जाते. नायक मनातले सांगायला तोंड उघडतो आणि नेमकी तेव्हाच व्हायोलिने सुरू होतात. मग मी आमच्या ह्यांना विचारते, “काय म्हणाला?” हे म्हणतात, “विशेष काही नाही, प्रेमाचंच.”

गेल्या महिन्यात मुलीने सबटायटल लावून दिली आणि आम्ही तिघांनी ओळीने काही जुने-नवे चित्रपट पाहिले. ‘लव्ह स्टोरी’ (१९७०) ह्यांच्या आग्रहाखातर. नायिका जाणार हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेले असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे प्रत्येक वेळी आपल्या आधी संगीतालाच रडू फुटते. त्या संगीताला ऑस्कर मिळाले, ते योग्यच. चित्रपटातले निम्मे काम त्यानेच केले आहे. ह्यांचे डोळे पुन्हा एकदा भरून आले, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

डेव्हिड लीन यांच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्येही (१९४५) रशियन संगीतकार राखमानिनॉफचा पियानो काही कमी घुमत नाही. तरी त्याला सगळे माफ. दोघे विवाहित, पण एकमेकांशी नाही. कायमचा निरोप घ्यायची वेळ, स्टेशनावरचे उपाहारगृह, आणि तेवढ्यात तिची एक बडबडी ओळखीची बाई टेबलाशी येऊन बसते. बोलायचे होते ते राहूनच जाते. गाडीची वेळ होते, तो उठतो, जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवतो, किंचित दाबतो आणि निघतो. हा प्रसंग सुरुवातीलाच दाखवला आहे. तेव्हा आपल्याला तो नुसता एक हात वाटतो. शेवटी तोच प्रसंग पुन्हा येतो तेव्हा मला सबटायटलचीही गरज पडली नाही.

‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’मधले (१९७९) मुलाच्या ताब्यासाठीचे न्यायालय मला आता जरा लांबलेले वाटते. फ्रेंच टोस्टचे दोन प्रसंग मात्र तसेच टवटवीत. बायको घर सोडून गेल्यानंतरच्या सकाळी बापाला ब्रेड धड बुडवता येत नाही, हात भाजतो, तो चिडतो. शेवटाकडे बाप-लेक तेच टोस्ट न बोलता, सराईतपणे करतात. मध्ये किती महिने गेले, हे सांगायला कुणाची गरज नाही.

पण सर्वांत खोल गेला तो असगर फरहादींचा इराणी ‘अ सेपरेशन’ (२०११). शेवटापर्यंत संगीत जवळजवळ नाहीच! दारे आपटतात, माणसे एकमेकांचे बोलणे तोडतात, म्हातारे वडील स्मृतिभ्रंशामुळे घरभर मुके वावरतात. त्यांचा मुलगा नादेर त्यांना न्हाऊ घालताना मध्येच कोसळून रडतो. वडिलांना पत्ताही नसतो. याच नादेरने आधी पेट्रोल पंपावर लेकीला गाडीत पेट्रोल भरायला लावलेले असते आणि उरलेले पैसे तिथल्या माणसाने ठेवून घेतले म्हणून ते परत आणायला पुन्हा पाठवलेले असते. आपला एक पैसाही सोडायचा नाही, हा बापाचा धडा. पुढे त्याच बापासाठी तिला न्यायाधीशांसमोर खोटे बोलावे लागते. हा धागा माझ्या हाती दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना लागला.

आई-बाप वेगळे होत आहेत, म्हणून शेवटी लेकीने आईकडे राहायचे की बापाकडे ते सांगायचे आहे. आई-बाप बाहेर ताटकळत आहेत आणि चित्रपट तिथेच संपतो. त्या रात्री आमच्याकडे हे नादेरच्या बाजूने, आमची मुलगी नादेरच्या बायकोच्या, सिमीनच्या बाजूने, आणि मी घरकामाला आलेल्या त्या गरोदर बाईच्या बाजूने, अशी साडेअकरापर्यंत जुंपली होती. मी यंत्रे काढून ठेवली तरी ती दोघे थांबेनात. याला मी सहकुटुंब पाहणे म्हणते. आपल्या पुरवणीचा अर्थ वेगळा असावा. तिथे ‘सहकुटुंब’ म्हणजे कुणालाही अवघडल्यासारखे होणार नाही, असा.

आपल्या परीक्षकांना एक विनंती. तारे हवे तितके द्या. पण सबटायटल मिळतात का आणि संवादांवर पार्श्वसंगीत किती चढवले आहे, एवढी एक ओळ शेवटी घाला. माझ्यासारखे वाचक बरेच असतील. त्यांना प्रत्येक वेळी शेजारच्याला कोपराने ढोसावे लागणार नाही.

– एक श्रवणयंत्रधारी वाचक