मा. आरोग्यमंत्री साहेब, उलटीचं इंजेक्शन देण्याआधी एक प्रश्न विचारायला लावा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते, त्यांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. गोळ्यांवर बरं चाललं होतं, स्वतःची दाढी स्वतः करायचे, संध्याकाळी पारावर जाऊन बसायचे. मागच्या पावसाळ्यात रात्री उलट्या सुरू झाल्या म्हणून तालुक्याला ॲडमिट केलं, कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत हे आम्ही सांगितलं होतं, तरी उलटी थांबायला मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. उलटी थांबली, पण तिसऱ्या दिवशी अण्णांना कूस बदलता येईना, चहाचा घोट घशाखाली उतरेना. आम्हाला वाटलं आजारच वाढला, आता हे असंच राहणार. पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी केसपेपर बघितला, त्या एका नावावर बोट ठेवलं आणि ते लगेच बंद करायला सांगितलं. अण्णा परत पारावर जायला महिना लागला.

मी डॉक्टर नाही, पण त्या महिन्यात मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बरीचशी औषधं मेंदूत शिरतच नाहीत, याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तर बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. कंपवातात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी पडतं पण डोपामिन थेट दिलं तर या भिंतीतून आत जात नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. (हेच लेव्होडोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत असतं, १९३७ मध्ये मद्रासच्या दोन संशोधकांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं, वाचून फार अभिमान वाटला.) गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, ते भिंतीबाहेरच राहतं आणि लेव्होडोपा वाटेत वाया जाऊ देत नाही.

आता उलटीचं बघा. मेटोक्लोप्रमाइड ही भिंत ओलांडून आत जातं आणि डोपामिनच्या जागा अडवून बसतं, म्हणजे गोळीनं दिलेलं इंजेक्शननं काढून घेतलं. डोम्पेरिडोनसुद्धा डोपामिनच अडवतं, पण ते आत फारसं जातच नाही, मग उलटी कशी थांबते तर मेंदूत उलटीचा इशारा देणारी जी छोटीशी जागा आहे तिथे ही भिंत मुळातच विरळ असते, रक्तात काही विषारी आलं तर लगेच कळावं म्हणून. हृदयाचा त्रास असेल तर डोम्पेरिडोन जपून द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. आणि पोटात गोळी टिकतच नसेल तर ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन आहे, ते डोपामिनच्या वाटेला जात नाही. म्हणजे पर्याय आहेत साहेब, फक्त इंजेक्शन भरायच्या आधी ‘कंपवात आहे का?’ एवढं कुणीतरी विचारायला हवं.

रात्री बडबडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हॅलोपेरिडॉल देतात, चक्कर येते म्हणून महिनोन् महिने सिनारिझिन चालू ठेवतात, तिथेही हेच होतं, कंपवात नसलेल्यालाही त्यानं कंप आणि ताठरपणा येऊ शकतो.

माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि पीएचसीत इंजेक्शनच्या टेबलासमोर या औषधांची नावं मराठीत लावा, कंपवाताच्या पेशंटच्या केसपेपरवर लाल शिक्का मारा, आणि ऑन्डान्सेट्रॉन संपू देऊ नका. आशाताई बीपी-शुगरसाठी घरोघर जातातच, त्यांच्या फॉर्मात कंपवाताचा एक रकाना वाढवा आणि त्या घरी खिशात मावेल असं कार्ड द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, त्यामुळे नोंद ठेवायला आधार शोधत बसायला नको. ॲडमिट असताना कंपवाताची गोळी ठरलेल्या वेळेलाच द्यायची, जेवणाच्या ट्रॉलीबरोबर दुधासोबत नाही, हेही नर्सताईंना सांगायला हवं, कारण लेव्होडोपा ज्या दारातून आत शिरतं त्याच दारातून दूध-डाळीतली प्रथिनंही आत जातात आणि गोळी मागे राहते.

कार्डाचा मजकूर मी एका पानात लिहून न्यूरोलॉजिस्टकडून तपासून घेतलाय, तो या पत्रासोबत तुमच्या कार्यालयाला टपालानं पाठवतेय. त्यात सगळ्यात वर मेटोक्लोप्रमाइडचं नाव आहे.

आपली,
अण्णांची थोरली मुलगी